सहल बुऱ्हाणपूरची, प्रश्न पाण्याचा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत एकच चर्चा सुरू होते, यंदा सहल कुठे न्यायची? आपल्या जळगाव जामोद भागातल्या शाळांची यादी जवळपास ठरलेली असते. शेगाव, लोणार, सिंदखेडराजा, फार तर वेरूळ-अजिंठा. मुलं बसमधून उतरतात, वास्तू पाहतात, बागेत डबा खातात, झोका खेळतात आणि रात्री पेंगत घरी येतात. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगा, चाळीस वह्यांत एकच वाक्य सापडेल: "आम्हाला खूप मजा आली."

मजा यायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढा खर्च करून, पालकांकडून पैसे गोळा करून मुलांना एखादं शहर दाखवायचं, तर ते शहर कसं जगलं हेही त्यांना कळावं. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. सहलीला निघताना मुलांच्या हातात एकच प्रश्न द्यायचा आणि दिवसभर प्रत्येक ठिकाणी तोच विचारायचा. आमचा प्रश्न होता: "इथं पाणी कुठून आलं?" आणि शहर होतं बुऱ्हाणपूर.

बुऱ्हाणपूरच का?

पहिलं कारण जवळपणाचं. सातपुड्याचा घाट ओलांडला की आपण मध्य प्रदेशात उतरतो आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर लागतं. फारुकी राजवटीतल्या नासिर खानाने वसवलेलं हे शहर. बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांवरून त्याला नाव मिळालं. त्यांचा दर्गा आपल्या खुलताबादला आहे. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर हे मुघलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं झालं.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. भांड्याला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण कित्येक गावांत आहेत. वान प्रकल्पाचं पाणी आणणाऱ्या १४० गाव योजनेकडे लोक डोळे लावून बसतात ते यामुळेच. ज्या मुलांनी खारं पाणी चाखलंय, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवात किल्ल्यापासून करू नका

बहुतेक सहली आधी शाही किल्ल्यात जातात. तुम्ही आधी कुंडी भंडाऱ्यावर जा. याला खूनी भंडाराही म्हणतात. नाव ऐकूनच मुलं सरसावून बसतात! वर पाहायला विशेष काही नाही. शेताडीत एका ओळीत विहिरीसारखी गोल तोंडं दिसतात. अशा शंभरावर कुंड्या आहेत आणि त्या सगळ्या जमिनीखालून एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. बादशहा जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाने हे काम करवून घेतलं. हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे असतात तोच हा रहीम. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने त्याची आखणी केली असं सांगतात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या जागेचं नाव आलं.

इथं माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, मोटर नाही, लाईट नाही, मंग पाणी येते कसं?" दिवसभराची सहल या एका प्रश्नावर वसूल झाली असं मी मानतो.

उत्तर मुलांना असं सांगता येईल. सातपुड्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस पायथ्याशी दगडगोट्यांतून जमिनीत मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. नदीला मिळण्याआधी वाटेतच त्याला गाठायचं. त्यासाठी जमिनीखाली अगदी बेताच्या उताराचा बोगदा खणायचा. मुरलेलं पाणी त्यात पाझरतं आणि उताराने आपोआप शहराकडे वाहतं. ठरावीक अंतरावरच्या कुंड्यांचा उपयोग बोगदा खणताना माती वर काढायला होतो, पुढे हवा-उजेडाला आणि सफाईला. पाणी जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने उडत नाही, पाला-केर पडत नाही. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी, म्हणजे मलिक अंबरने आणलेलं पाणी, याच जातकुळीची. तुमची शाळा तिकडच्या बाजूला असेल तर पाणचक्की, मकबरा आणि हिमायतबाग घेऊन हीच सहल तिथंही होईल.

एका कुंडीत लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरता येतं. ती सोय सुरू आहे का हे आधी विचारून घ्या आणि लहान मुलांना उतरवण्याचा हट्ट करू नका. खालच्या भिंतींवर क्षारांचे पांढरे थर साचलेले आहेत. आपल्या घरच्या माठावर बसतो तसाच हा थर, फक्त शेकडो वर्षं साचलेला.

मग इमारती, मग बागा

आता किल्ल्यात जा. तापीकाठचा हा वाडा आता बराच पडका आहे, पण हमाम, म्हणजे शाही न्हाणीघर, शाबूत आहे. छतावरच्या रंगीत नक्षीकडे मुलांचं लक्ष जातंच. त्यानंतर त्यांना हौद आणि पाण्याच्या वाटा शोधायला लावा. सकाळी पाहिलेलं पाणी घरात कसं खेळवलं जाई, याचा अंदाज त्यांनाच बांधू द्या.

जामा मशिदीत नमाजाची वेळ टाळून, परवानगी घेऊन जा. राजा अली खान फारुकीच्या काळात, १५९० च्या सुमारास ती पूर्ण झाली. दोन उंच मिनार आहेत, पण मधे मोठा घुमट नाही. आत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. मुलांना ओळखीची अक्षरं शोधायला सांगा. सापडल्यावरचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

बागांसाठी किल्ल्यासमोर, नदीच्या दुसऱ्या काठावर झैनाबादला आहूखाना आहे. आहू म्हणजे हरीण. राजघराण्यासाठी राखलेली ही बाग. जून १६३१ मध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी इथंच दफन केलं होतं. डिसेंबरात तिचं शव आग्र्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट आपल्या शेजारच्या गावात सुरू होते, हे मुलांना खरंच वाटत नाही. आज तिथं पडक्या भिंती आणि कोरडे हौद आहेत. इथं मुलांना गप्प बसून पाच मिनिटं पाहू द्या आणि मग विचारा, पाणी थांबल्यावर बागेचं काय होतं? उत्तर समोरच असतं.

कुंडी भंडाऱ्याकडच्या वस्तीचं नाव लालबाग आहे, हेही सांगा. बाग गेली तरी नाव राहतं. आपल्या गावात 'बाग', 'मळा', 'तळं' अशी नावं कुठं आहेत आणि तिथं आज काय आहे, हा घरचा अभ्यास.

वेळ उरला तर तापीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री दाखवा. पुरंदरच्या तहामुळे मुलांना हे नाव पाठ असतं. ते १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारले.

तयारी काय करायची?

राज्याबाहेर जायचं असल्यामुळे शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं लवकर घ्या. पुरातत्त्व विभागाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. वयाचा दाखला म्हणून शाळेची ओळखपत्रं सोबत ठेवा.

प्रत्येक मुलाला घरचं पाणी छोट्या बाटलीत आणायला सांगा. पाण्यातले क्षार मोजायचं टीडीएस मीटर थोडक्यात मिळतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरा स्रोत नसेल तरच २००० पर्यंत चालवून घेतात. मीटरने पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे पूर्ण कळत नाही, कारण जंतू त्यात दिसत नाहीत, हे मात्र मुलांना स्पष्ट सांगा.

सहलीच्या आधी वर्गात एक प्रयोग करा. मोठ्या परातीत रेती आणि खडी भरा, एका बाजूखाली दोन पुस्तकं ठेवा. छिद्रं पाडलेली नळी रेतीत पुरून तिचं तोंड खालच्या काठावर बाहेर काढा. वरच्या टोकाला तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि थांबा. थोड्या वेळाने नळीतून थेंब येऊ लागतात. हाच कुंडी भंडारा! मग नळीच्या वरच्या अंगाला रेतीतलं पाणी पिचकारीने ओढून घ्या. थेंब मंदावतात. पायथ्याशी बोअर वाढले की खालच्यांचं पाणी का आटतं, हे त्यासाठी वेगळं शिकवावं लागत नाही.

परत आल्यावर

'आम्ही केलेली सहल' हा निबंध यंदा राहू द्या. त्याऐवजी प्रत्येकाला 'माझ्या घरच्या पाण्याचा नकाशा' काढायला सांगा. नळापासून मागे मागे जायचं: टाकी, पाइप, विहीर किंवा धरण, आणि शेवटी डोंगर. आई-आजीला विचारून जुनी विहीरही दाखवायची. पालकांनो, इथं तुमची मदत लागेल. मुलांना तुम्ही लहानपणी पाणी कुठून आणत होता ते सांगा, जमलं तर ती जागा दाखवा.

आमच्या वर्गात एका मुलीचा नकाशा सगळ्यांत छोटा होता. एक घर, एक ऑटो आणि त्यात वीस लिटरच्या कॅन. खाली तिनं लिहिलं होतं, "याच्या मागचं पाणी कुठून येते ते ऑटोवाल्या काकांना विचारायचं आहे." मी त्या पानावर शेरा मारला नाही. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग काकांना विचारायला गेला.

तुमच्या शाळेची सहल यंदा कुठे चालली आहे? कुठेही जावो, तिथल्या बागेतल्या कारंज्याला पाणी कुठून येतं, एवढं जाण्याआधी शोधून ठेवा. बाकीचे प्रश्न मुलं विचारतील.