चष्म्यावर ओरखडे कशाने पडतात?

चष्म्यावर ओरखडा दिसला की दोष फडक्याला जातो. खरं तर तो पाडते धूळ. तिच्यात क्वार्ट्झचे (गारगोटीचे) बारीक कण असतात आणि आजची बहुतेक भिंगं प्लास्टिकची. वरचं कोटिंग (संरक्षक पातळ लेप) त्या कणांपुढे टिकत नाही. वाळू सांडलेल्या फरशीवरून खुर्ची ओढली, तर पायांना मऊ कापड बांधूनही रेघा उठतातच. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने कोरडा चष्मा पुसणं तसंच. तोंडाची वाफ देऊनही कण निघत नाहीत.

आधी चष्मा नळाच्या धारेखाली धरा. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटांनी हलकेच दोन्ही बाजूंना फिरवा. नाकावरच्या पॅडजवळ मळ साचतो, तिथेही. पुन्हा धुवा, मग मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने टिपा. पाणी गरम नको, कोटिंगला तडे जाऊ शकतात.