सातबाऱ्याचा उतारा आणि संगणकाची शिस्त

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघालात, की खाडीवरचा कशेळीचा पूल येण्याआधी बाळकुम नाका लागतो. बाळकुम हे मूळचे गाव. आज ते ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि जिथे शेते होती तिथे उंच इमारती दिसतात. शेते गेली, पण जमीन कुठे जात नाही. तिचे क्रमांक, तिचे पोटहिस्से आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांची नावे दप्तरात राहतात, आणि पिढीगणिक वाढत जातात. पणजोबांच्या वेळी जिथे एक नाव होते, तिथे आज वीस असू शकतात.

ही नावे जिथे लिहिलेली असतात त्या कागदाला आपण 'सातबारा' म्हणतो. घरात हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला असेल. पण सात म्हणजे काय आणि बारा म्हणजे काय, हे कधी विचारले आहे का?

दप्तराची मांडणी

इंग्रजी अमदानीत, १८३५-३६ च्या सुमारास, पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक शेताला एक क्रमांक मिळाला. हाच सर्वे नंबर. पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात, कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क, याचीही नोंद सुरू झाली. गावचे हिशेब ठेवण्यासाठी ठरावीक नमुने आखले गेले. त्यांतला सातवा नमुना हक्कांचा. सर्वे नंबर, क्षेत्र, खातेदारांची नावे आणि कर्जाचा बोजा त्यात येतो. बारावा नमुना पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा.

याशिवाय आणखी दोन नमुने ध्यानात ठेवा. 'आठ-अ' मध्ये तीच माहिती खातेदाराप्रमाणे लावलेली असते, म्हणजे एका माणसाची गावातील सारी जमीन एका ठिकाणी दिसते. आणि सहावा नमुना म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, असा जो जो बदल होईल, तो तारखेने आणि क्रमांकाने आधी तिच्यात उतरतो. (शहरात जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते.)

आता हे सारे दप्तर संगणकावर आहे. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. इतकी माहिती संगणकात ज्या सुव्यवस्थित साठ्यात ठेवतात त्याला डेटाबेस म्हणतात. आपण त्याला माहितीकोश म्हणू. नुसती माहिती कोंबली म्हणजे माहितीकोश होत नाही. त्याला काही नियम पाळावे लागतात. ते नियम एका उदाहरणाने पाहू.

नाव एकदाच लिहा

समजा, एका आजोबांच्या नावावर तीन सर्वे नंबर आहेत. आजोबा वारले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. तीन जमिनी आणि तीन वारस, म्हणजे नऊ नोंदी झाल्या. प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव लिहिले, तर काय होईल? मुलीचे नाव एका जागी माहेरच्या आडनावाने, दुसऱ्या जागी सासरच्या आडनावाने पडेल. माणसाला कळेल की ही एकच बाई. यंत्राला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतील.

यावरचा उपाय एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्ते क्रमांकांनी एकमेकांशी जोडा, असे त्याने सांगितले. एक तक्ता जमिनींचा. एक तक्ता माणसांचा, त्यात प्रत्येकाचे नाव एकदाच आणि त्यापुढे एक क्रमांक. तिसरा तक्ता हक्कांचा, त्यात फक्त जमिनीचा क्रमांक, माणसाचा क्रमांक आणि हिस्सा. नाव दुरुस्त करायचे झाले, तर एकाच जागी करावे लागते. आणि याच तक्त्यांतून मागाल तेव्हा जमिनीप्रमाणे सातबारा निघतो, खातेदाराप्रमाणे आठ-अ निघतो. कागदावर दोन वह्या लिहाव्या लागत. इथे साठा एक आणि उतारे दोन.

होईल तर सगळे, नाही तर काहीच नाही

आता नोंदी करायला घेऊ. आजोबांचे नाव तिन्ही जमिनींवरून कमी केले. दोन्ही मुलग्यांच्या सहा नोंदी झाल्या. मुलीच्या तीन राहिल्या, आणि नेमकी वीज गेली! वीज परत आली, पण ज्याने काम अर्धे सोडले तो ते पूर्ण झाले असे समजला तर? त्या मुलीचा हक्क कोणीही न हिरावता नाहीसा होईल.

म्हणून माहितीकोशात अशा साऱ्या नोंदींची एकच मोळी बांधतात. तिला व्यवहार म्हणतात. बदल करण्यापूर्वी यंत्र तो एका वेगळ्या रोजनिशीत लिहून ठेवते, आणि मोळीतील सगळे झाल्यावरच 'पूर्ण' अशी खूण करते. वीज आल्यावर ते रोजनिशी वाचते. खूण असेल तर व्यवहार पक्का. खूण नसेल तर झालेले सारे बदल मागे घेते आणि आजोबांचे नाव पुन्हा जागेवर येते. काम नव्याने करावे लागते, पण अर्धवट खोटे उरत नाही. या विषयावरील मूलभूत कामासाठी जिम ग्रे या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

जुना हस्तलिखित सातबारा पाहिलात तर याच्याशी जुळणारी एक गोष्ट दिसेल. कमी झालेले नाव खोडून नाहीसे करत नसत. ते कंसात ठेवत आणि वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहीत. कोणता बदल कशामुळे झाला, हे मागे जाऊन शोधता येई.

दोघे एकाच वेळी

आणखी एक गंमत पाहा. एका जमिनीचे ४० गुंठे शिल्लक आहेत. त्यांतले १० गुंठे एकाला विकले आणि १५ दुसऱ्याला. दोन टेबलांवरच्या दोन कारकुनांनी एकाच क्षणी नोंद उघडली. दोघांनाही ४० दिसले. पहिल्याने १० वजा करून ३० लिहिले. दुसऱ्याने १५ वजा करून २५ लिहिले. शेवटी दप्तरी २५ राहिले. खरे उत्तर १५. म्हणजे १० गुंठे जमीन हवेतून निर्माण झाली! हे टाळण्यासाठी एकाचा बदल चालू असताना यंत्र त्या नोंदीला कुलूप लावते. दुसऱ्याला क्षणभर थांबावे लागते.

कोणी काय करावे

कागदाच्या काळापासून एक नियम चालत आला आहे. फेरफार लिहितो तलाठी (२०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), पण प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. मध्ये संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच नको, हे त्यातले मर्म. माहितीकोशाचा व्यवस्थापकही असेच अधिकार वाटून देतो. कोणी फक्त वाचावे, कोणी लिहावे, कोणी मंजूर करावे, हे ठरलेले असते.

घरबसल्या उतारा पाहता यावा म्हणून संकेतस्थळ उघडतात. हे म्हणजे कचेरीची खिडकी. खिडकीतून चिठ्ठी आत द्यावी आणि उतारा घ्यावा. पण एखाद्या लबाडाने सर्वे नंबरच्या जागी 'हे नाव पुसून टाका' असा हुकूमच लिहून दिला तर? कच्च्या रीतीने बांधलेले संकेतस्थळ तो हुकूम पाळते, आणि असे हल्ले जगभर झाले आहेत. म्हणून चांगला संगणकतज्ज्ञ बाहेरून आलेला मजकूर कधीच हुकूम म्हणून वाचत नाही, तो केवळ शोधण्याचा शब्द मानतो. शिवाय खिडकीला लिहिण्याचा अधिकार देतच नाही.

दुसरी प्रत

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली, फायली जळाल्या. ज्या कागदाची प्रत दुसरीकडे नव्हती तो कायमचा गेला. संगणकही जळतो, बिघडतो, पुरात बुडतो. म्हणून माहितीकोशाची प्रत रोजच्या रोज काढून दुसऱ्या गावी ठेवतात. आणि तेवढ्याने भागत नाही. त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करता येते का, हे मधूनमधून करून पाहावे लागते.

यंत्राला काय कळत नाही

एवढे सगळे केले, तरी एक गोष्ट यंत्राच्या हातात नाही. वारसांच्या यादीत मुलीचे नाव मुळात दिलेच नाही, तर माहितीकोश ती चुकीची यादी अत्यंत शिस्तीने जपून ठेवील! म्हणूनच कायदा सातबाऱ्यावरील नोंद खरी मानतो ती उलट सिद्ध होईपर्यंतच. संगणकीकरणातील चुका काढण्यासाठी २०१७ साली गावोगावी चावडीवाचन झाले. उतारे लोकांसमोर वाचून दाखवले आणि हरकती घेतल्या. अडीच कोटी उताऱ्यांची खरी तपासणी ज्याची जमीन तोच करू शकतो.

तेव्हा घरी जमीन असेल, तर वडीलधाऱ्यांबरोबर बसून उतारा वाचा. नावे, क्षेत्र आणि फेरफार क्रमांक पाहा. आत्या आणि आजी यांची नावे जिथे असायला हवीत तिथे आहेत का, हे जरूर पाहा.

करून पाहा: वर्गातील पुस्तकपेटीसाठी तीन वह्या करा. एक पुस्तकांची, एक विद्यार्थ्यांची, एक देवघेवीची. तिसऱ्या वहीत फक्त क्रमांक आणि तारखा लिहायच्या, नावे नाहीत. 'हे पुस्तक कोणाकडे आहे?' आणि 'या मुलाकडे कोणती पुस्तके आहेत?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांतून काढा. मग चौथी वही लागते का, याची वर्गात चर्चा करा.