मध्यस्थाचीही उलटतपासणी

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मध्यस्थीतल्या तिसऱ्याने मात्र लाभ घ्यायचा नसतो आणि निवाडाही द्यायचा नसतो. दोघांना आपला तोडगा सापडेल एवढी वाट मोकळी करायची असते. सिंगापूरमध्ये शेजाऱ्यांच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थी केंद्रांचा कायदा १९९७ साली झाला. तेथे मध्यस्थ म्हणून स्वयंसेवक बसतात.

मी नोकरी सांभाळून असे काम करते. एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजी पहाटे खलबत्त्यात मसाला कुटत. खालचा तरुण रात्रपाळी करून नुकताच झोपलेला असे. दीड तासात आजींनी वेळ बदलायचे कबूल केले, सह्या झाल्या, मी खूश! पंधरा दिवसांत कुटणे पुन्हा सुरू.

अशा वेळी ज्येष्ठ मध्यस्थाशी बोलायची पद्धत आहे. त्याला ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. चांगी बिझनेस पार्कमध्ये आमच्या ऑफिसच्या रिकाम्या खोलीत, दार लावून, आम्ही दोघी बसलो. पक्षकारांची नावे मी सांगितली नाहीत, त्यांनी विचारलीही नाहीत. मला वाटले, चुका दाखवतील. त्यांनी एवढेच विचारले, “तो तरुण बोलत असताना तुझ्या मनात काय चाललं होतं?”

मी गप्प झाले. रात्रपाळी मीही केली आहे. मनातून मी केव्हाच त्याची झाले होते. आजींना मी “वेळ कधी बदलाल?” असे विचारले, “पहाटेच का?” हे विचारलेच नाही.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात चिंतनाचे दोन प्रकार सांगितले: काम करता करता केलेले आणि काम झाल्यावर केलेले. सुपरव्हिजनमध्ये दुसऱ्याचा सराव होतो; तो मुरला की पहिले बैठकीतच सुचू लागते.

पुढच्या बैठकीत मी तो राहिलेला प्रश्न विचारला. लेकीचा डबा सकाळी लवकर जायचा, आणि संध्याकाळी आजींच्या अंगावर नातवंडे. आठवड्याचा मसाला रविवारी दुपारी कुटायचे आजींनीच सुचवले.

आपल्या घरांत, मंडळाच्या कार्यकारिणीत आपण सारेच कधी ना कधी मध्यस्थ होतो. परतल्यावर दहा मिनिटे वहीत लिहून पाहावे: मी कोणाला मध्येच तोडले? कोणाचे ऐकताना मान डोलावली? कोणता प्रश्न राहिला?