झिंकच्या गोळीने शुक्राणू वाढतात का?

१९५८ साल, इराणमधलं शिराझ शहर. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय २१, दिसायला दहा वर्षांचा पोरगा! जननेंद्रियांची वाढ खुंटलेली, रक्त कमी. खाणं काय, तर मुख्यतः न आंबवलेली रोटी, आणि वर चक्क माती. धान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं, मग ते आतड्यात शोषलंच जात नाही. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांना झिंक दिल्यावर त्यांची उंची वाढली, जननेंद्रियांचीही वाढ झाली. माणसाला झिंक लागतं, हे जगाला पटायला सुरुवात झाली ती इथून.

आजचे गोळ्याविक्रेते मात्र अर्धीच गोष्ट सांगतात. ज्याला कमतरताच नाही, त्याला जास्तीचं झिंक देऊन काय होतं? अमेरिकेत २३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली. पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. २०२० मध्ये निकाल आला: मूल होण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत ३४ टक्के, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ३५. शुक्राणूंची संख्या, हालचाल यांतही फरक नाही. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या.

बरं, जास्त झिंक बरेच दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, हा वेगळाच ताप.

मूल होत नसेल तर आधी वीर्यतपासणी करा आणि डॉक्टरांना भेटा. तंबाखू-सिगारेट आजच सोडा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे फरक लगेच दिसणार नाही.