पोटासाठी सीमा ओलांडणारा परका कसा? टेंडायी अचिउमे यांचा सवाल

युद्धातून किंवा छळातून पळालेल्या निर्वासिताला आंतरराष्ट्रीय कायदा थोडेफार संरक्षण देतो. पोटासाठी आलेल्याला मात्र कुठलाही देश परत पाठवू शकतो, कारण तो 'परका'. या समजुतीलाच झांबियात जन्मलेल्या प्रा. ई. टेंडायी अचिउमे यांनी हात घातला.

२०१९ साली 'स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये त्यांचा 'मायग्रेशन ॲज डीकॉलनायझेशन' हा लेख आला. वसाहतकाळात कोट्यवधी युरोपीय लोक जगभर जाऊन बसले. वसाहतींच्या जमिनीवर आणि श्रमावर श्रीमंत देश उभे राहिले, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही ही गुंतवण सुटली नाही. मग तिथून येणारा माणूस परका कसा? त्याचा प्रवेश ही दया नसून समान राजकीय हक्काची बाब आहे, असे त्या मांडतात. आम्हाला त्यांचे हे लिखाण सर्वांत मोलाचे वाटते.

हे केवळ ग्रंथालयात बसून सुचलेले नाही. येलमध्ये कायदा शिकून त्या दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयात न्या. डिकगांग मोसेनेके आणि न्या. इव्होन मोकगोरो यांच्या लॉ क्लर्क झाल्या. (मोसेनेके यांना वर्णभेदी सरकारने पंधराव्या वर्षी पकडून दहा वर्षे रॉबेन बेटावर डांबले होते.) पुढे जोहान्सबर्गमध्ये निर्वासितांसाठी वकिली केली, मग अमेरिकेत अध्यापन.

२०१७ मध्ये त्या वंशवादाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक झाल्या. या पदावरील त्या पहिल्या महिला, आणि पद बिनपगारी! गुलामगिरी व वसाहतवादाच्या भरपाईवर त्यांनी अहवाल दिला. २०२० च्या अहवालात तंत्रज्ञान तटस्थ नसते, हेतू नसतानाही ते भेदभाव करते, हे दाखवले. २०२२ मध्ये त्यांनी पद सोडले, २०२३ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

आपला इथे थेट संबंध आहे. वंशभेदविरोधी करारात (१९६५) वंशाबरोबर 'जन्माधारित कूळ' हा आधारही आहे, आणि तो शब्द भारताच्याच दुरुस्तीने आला. २००२ मध्ये कराराच्या समितीने त्यात जात येते असे स्पष्ट केले. भारत सरकारला मात्र ते मान्य नाही.

कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी २०२० चा अहवाल आधी वाचावा. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर तो मोफत मिळतो. वाचताना 'वंश' या शब्दाशेजारी 'जात' ठेवून पाहावी.