पोकळ कवेलूंचं छत

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या तिगावात मे महिन्यात टिनाच्या छताखाली दुपारी बसवत नाही. पातळ पत्रा उन्हाने लगेच तापतो आणि ती उष्णता थेट खोलीत फेकतो. दीड फुटी मातीची भिंत मात्र सावकाश तापते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि बाहेरची हवा निवते.

भिंत मातीची चालते, पण छताचं काय? सागाचं लाकूड परवडत नाही. यावर वर्धेजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने एक उपाय रुजवला. कुंभार चाकावर शंकूच्या आकाराचे पोकळ कवेलू घडवतो. एकाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवत गेलं की कमान तयार होते. कमानींना कमानी जोडल्या की छत पूर्ण. आधाराचा साचा नंतर काढून घेतात. लोखंड, तुळया लागत नाहीत, कारण कमानीत वजन दाबाच्या रूपाने भिंतींवर उतरतं. कवेलूंत कोंडलेली हवा उष्णता अडवते.

कमान भिंतींना बाहेर ढकलते, म्हणून भिंती भक्कम हव्यात. वरचा गिलावा फुटला तर पाणी गळतं, तेव्हा पावसाळ्याआधी डागडुजी करावीच लागते. पण घराचा पैसा गावातल्याच कुंभार-गवंड्यांच्या हाती राहतो.