पेंडीतले प्रथिन कोंबडीच्या अंगी लागावे म्हणून



उसाला जोडधंदा म्हणून आपल्यापैकी अनेकांनी कोंबड्या पाळल्या आहेत. या धंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. पेंड घेताना आपण 'प्रथिने किती टक्के?' एवढेच विचारतो. सोयापेंडीत ती ४४ ते ४८ टक्के असतात. पण पोत्यावर लिहिलेले सगळे प्रथिन कोंबडीच्या अंगी लागतेच असे नाही.

असे का? कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक असतो. तो प्रथिने पचू देत नाही. योग्य उष्णता दिली की तो निकामी होतो. मात्र पेंड जास्त भाजली गेली तर त्यातले लायसीन वाया जाते. दुसरी अडचण फायटेटची. बियांमधले सुमारे दोन-तृतीयांश स्फुरद या फायटेटमध्ये कुलूपबंद असते. काही प्रथिने व खनिजेही ते धरून ठेवते. हे कुलूप उघडणारी किल्ली कोंबडीच्या पोटात पुरेशी नसते. मग स्फुरद विष्ठेतून निघून जाते, आणि आपण वरून डीसीपीचे पैसे मोजतो.

ही किल्ली म्हणजे फायटेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम. १९९१ पासून ते बाजारात आले. साधारणपणे किलोभर खाद्याला ५०० युनिट घालतात. मात्र ते घातल्यावर तज्ज्ञांच्या सल्ल्याने डीसीपी कमी केले, तरच खर्च वाचतो. जादा उष्णतेने विकर मरते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट आंबवण्याची. मळीवर यीस्ट कसे काम करते हे आपणांस ठाऊकच आहे. तसेच निवडक जिवाणू किंवा बुरशी सोयापेंडीवर वाढवतात. ते स्वतःच विकरे सोडतात, मोठी प्रथिने फोडतात आणि कोंबडीला न पचणाऱ्या शर्करा खाऊन टाकतात. नंतर पेंड नीट वाळवतात.

"मग घरीच पेंड भिजवून ठेवू," असे कोणी म्हणेल. तसे मुळीच करू नये! आंबवणे वेगळे आणि बुरशी लागणे वेगळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीत बुरशीचे विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. शिजवूनही ते पुरते जात नाही.

तेव्हा पेंड कोरडी ठेवा, पोती फळ्यांवर रचा, वास आलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आधी पेंड चांगली, मग विकर. खराब पेंडीला कोणतेही विकर तारत नाही.